करकोच्यांचा कोच राहतो की जातो

अल्मिरा, नेब्रास्का
रविवार, ८ सप्टेंबर

मार्वा, बाई गं,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र वाजत नाही, त्यामुळे ते घ्यायला तुझी हरकत नसावी.

तू गेल्यापासून गावाला मी एकच सांगत आले आहे, की तुझ्या बहिणीच्या, आर्डिसच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय आणि तिचं करायला तू मिनेसोटाला गेली आहेस. कोचची बायको ऐन हंगामाच्या तोंडावर रुसून गेली असं कळलं असतं, तर या लोकांनी तुला पुढच्या हरण्यालाही जबाबदार धरलं असतं. आर्डिसला माझ्यातर्फे माफी सांग. चर्चच्या बायका तिला 'लवकर बऱ्या व्हा' अशी कार्डं पाठवणार आहेत. ती तळ्यात पोहते ते ठीक आहे, पण पोहतानाचे फोटो थँक्सगिव्हिंगपर्यंत कुणाला दाखवू नये म्हणावं.

तू का गेलीस ते मला ठाऊक आहे आणि तुझ्या नवऱ्याला, गार्लंडलाही. त्यानं तुला शब्द दिला होता की सव्वीस वर्षं झाली, आता पुरे, तुझ्या बहिणीजवळ तळ्याकाठी जाऊन राहू. आणि उन्हाळ्यात कॉलेजात जाऊन गुपचूप आणखी एका वर्षाचा होकार देऊन आला. तुझ्या जागी मी असते तर मीही गेले असते. पण मी तुमची शेजारीण, कुंपणाच्या अलीकडे आहे, त्यामुळे तुझं जाणं मला पटतं आणि आवडत नाही. असो.

तो सिंकपाशी उभा राहून कॉर्नफ्लेक्स खातो. मी मुद्दाम बघत नाही. भांडी घासताना मान वर केली की दिसतो, आणि हल्ली माझी भांडी जरा जास्त निघतात.

काल पहिला सामना झाला. आपल्या कॉलेजचे करकोचे हरले. हरले त्याचं काही नाही गं, पण कसे हरले! चौथी, म्हणजे शेवटची खेप, दोन पावलं पुढे सरकलं की बॉल आपल्याचकडे राहणार. सगळं स्टेडियम उभं राहून ओरडतंय, "पळा रे, पळा!" आणि तुझ्या नवऱ्यानं नेहमीसारखा बॉल लाथ मारून समोरच्यांच्या हवाली केला. डेलबर्टनं डोक्यावरची टोपी काढली, खाली टाकली आणि तिच्यावर उभा राहिला. म्हणाला, "ताई, हा माणूस चोर आला तर त्याला खुर्ची देईल, पाणी देईल आणि किल्ल्या कुठे आहेत ते सांगेल!" माझा सख्खा धाकटा भाऊ आहे, पण त्या क्षणी मी सरकून बसले.

आज ग्लेनिसच्या कॅफेत दोन टेबलं पडली. खिडकीपाशी 'घालवा'वाले, म्होरक्या अर्थातच डेलबर्ट. पाईच्या कपाटापाशी 'राहू दे'वाले, त्यांचे पुढारी आपले जनावरांचे म्हातारे डॉक्टर ऑर्व्हिल.

"सव्वीस वर्षांत एकदा अजिंक्यपद!" हे खिडकीकडून.

"एकदा तरी! त्याच्याआधी तुझ्या बापाच्या जन्मात कधी बघितलं होतंस?" हे पाईकडून.

"माझ्या बापाला मध्ये आणू नका, डॉक्टर."

"मी कशाला आणतो, तो स्वतःच यायचा माझ्याकडे, गाय घेऊन. तुझ्यापेक्षा ती गाय फुटबॉल जास्त समजायची."

मी काउंटरपाशी बसते. तिथून दोन्हीकडचं ऐकू येतं आणि कुणाच्याच बाजूचं व्हावं लागत नाही. माझं मत काय, ते तू विचारू नकोस.

तुझी
ओपल


शुक्रवार, २७ सप्टेंबर

मार्वा,

तुझं कार्ड मिळालं. पुढे तळ्याचं चित्र, मागे एकच ओळ: "तो जेवतो का? मी विचारलं असं सांगू नकोस." नाही सांगितलं. फक्त डबा देताना म्हटलं, "कुणीतरी विचारत होतं." त्यानं "कोण?" असं विचारलं नाही. पण डबा परत आला तो घासून, पुसून, झाकण नीट बसवून. इतक्या वर्षांत त्या माणसानं माझं एकही झाकण नीट बसवलेलं नव्हतं.

काल गुरुवार. ग्लेनिसच्या कॅफेतून कोचचा रेडिओचा कार्यक्रम. तू नाहीस म्हणून पुढचं टेबल रिकामंच ठेवलं होतं, तिथे कुणाला बसवत नव्हतं. गार्लंड आणि रेडिओवाला लायल मधल्या टेबलावर, पुढ्यात माइक. पहिले दोन फोन सभ्य होते. तिसरा आला तो घोगऱ्या आवाजात.

"मी लिंकनहून बोलतोय. नाव सांगायची इच्छा नाही."

आवाज रेडिओतून येत होता आणि त्याच वेळी ग्लेनिसच्या कोठीच्या दारामागूनही. आम्ही सगळे कपात बघत बसलो.

"बोला डेलबर्ट," गार्लंड म्हणाला. "गुडघा काय म्हणतोय?"

"बरा आहे, कोच. सकाळी जरा आखडतो, पण—" मग कोठीत काहीतरी पडल्याचा आवाज. "मी डेलबर्ट नाही!"

"नसाल. पण गुडघ्याला शेक द्या. आणि प्रश्न विचारा."

"चौथ्या खेपेला तुम्ही नेहमी बॉल देऊन का टाकता? धीर होत नाही का?"

गार्लंडनं माइक जवळ ओढला. मग म्हणाला, "पोरं अठरा-एकोणीस वर्षांची आहेत हो. आपल्याच दारात चुकली तर सगळं गाव बघतं. लांबवर चुकली तर सुधारायला मैदान उरतं."

ऑर्व्हिल डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. खिडकीकडून कुणी म्हणालं, "मग पाळणाघर काढा!" मला मात्र तुझी आठवण आली. हा माणूस घरीही असाच आहे ना गं? आज ठरवायचं ते पुढच्या हंगामावर, पुढच्या हंगामातलं त्याच्या पुढच्यावर. तू सव्वीस वर्षं सुधारायला मैदान देत आलीस त्याला.

आर्डिसला कार्डं मिळाली का? एकीनं हातानं विणलेला पायमोजा पाठवलाय. एकच. ऑपरेशन एकाच बाजूचं म्हणून.

ओपल


रविवार, १३ ऑक्टोबर

मार्वा गं,

लागोपाठ तीन सामने हरलो. आता पाट्या सुरू झाल्या.

तुला आठवतंय, तुम्ही नवीन आला होता त्या वर्षी एक पाटी लागली होती तुमच्या हिरवळीवर? तेव्हा तू रडली होतीस. या वेळी एक नाही, पीक आलंय. गावात जिथे जिथे 'घर विकणे आहे' अशी पाटी होती तिथून उपटून रातोरात तुमच्या अंगणात. सकाळी उठून बघते तर गाव विकायला काढल्यासारखं. मी गाऊनवरच बाहेर पडले आणि एकेक उपटून माझ्या गॅरेजमध्ये टाकायला लागले. तेवढ्यात गार्लंड बाहेर आला, हातात कॉफी.

"राहू दे गं ओपल. लावलेल्या आहेत तर असू देत."

"अरे, लोक काय म्हणतील?"

"लोकांनीच म्हटलंय की ते," तो म्हणाला, आणि दुपारी त्यानं गवत कापायचं यंत्र काढून पाट्यांच्या भोवतीनं व्यवस्थित गवत कापलं. एकीचा खांब तिरका होता, तो सरळ केला.

घरं विकणारा तो बुटका माणूस काल माझ्या दारात येऊन डोक्याला हात लावून बसला. ज्यांची घरं खरोखर विकायची आहेत त्यांच्या दारात पाटीच नाही, आणि बाहेरगावचे लोक पत्ता विचारत फिरताहेत. त्याला मी दालचिनीचा रोल दिला. पाट्या नाही दिल्या, कारण परत लावल्या की परत उपटल्या जाणार. तोही म्हणाला, "हंगाम संपेपर्यंत ठेवा तुमच्याकडेच." जाताना हळूच म्हणाला, "पण ताई, तुम्हाला काय वाटतं? जावं ना कोचनी?" मी दार लावून घेतलं.

डेलबर्टला मी स्पष्ट विचारलं, "पाट्यांत तुझा हात आहे का?" त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं की नाही. बोटांवर माती होती.

ओपल


रविवार, २७ ऑक्टोबर

मार्वा,

दोन सामने जिंकलो. थंडी पडली. माझी पाठ बरी आहे.

आता आणखी काही लिहायचं नाही असं ठरवून मी पेन खाली ठेवलं होतं, पण तासभर झाला, ते खाली राहतच नाहीये. सांगूनच टाकते. खुर्चीवर बस.

गेल्या रविवारी दुपारी मी डबा द्यायला तुमच्याकडे गेले होते. गार्लंड मोजे घालून सामन्याची चित्रफीत बघत बसलेला. बेल वाजली. दारात एक तरुण जोडपं. सॅटर्ली म्हणून, वेंडेल आणि क्लोई. तो कॉलेजात संगीत शिकवायला नुकताच आलाय, व्हरमाँटकडचा. फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही दोघांना.

"बाहेर पाटी बघितली," ती म्हणाली. "घर बघता येईल का?"

मी तोंड उघडलं होतं गं, देवाशप्पथ. पण गार्लंडनं दाराची कडी सोडली, बाजूला झाला आणि म्हणाला, "या ना. पाय पुसा."

आणि त्यानं घर दाखवलं! मी डबा छातीशी धरून मागे मागे. "ही तिसरी पायरी करकरते. हिच्यामुळे बायकोला कळायचं मी किती वाजता आलो." "हे कपाट तिनं स्वतः रंगवलंय, दोनदा. पहिला रंग मला आवडला होता म्हणून बदलला." "या खिडकीतून ओपल दिसते." मी मागेच उभी होते तरी दोघांनी खिडकीतून बघितलं.

मुलीनं विचारलं, "इतकं छान घर, का विकताय?"

तो म्हणाला, "गावाचं तसं मत आहे."

वेंडेलनं विचारलं, "तुमचं काम काय?"

"पोरांना पळायला शिकवतो."

"अरे वा! पी.टी.चे मास्तर!"

मार्वा, तुला सांगते, तो शब्द ऐकून तुझा नवरा असा हसला, जसा तुमच्या घरात राहायला आला त्या दिवशी हसला होता. अंगावरून ओझं उतरवल्यासारखा. त्यांना कॉफी दिली, बसवलं, आणि ती दोघं उठताना हात पुढे केला. "हंगाम संपला की घर तुमचं." हातावर हात पडला. आता अल्मिरात हातावर हात पडला म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको.

ती गेल्यावर मी त्याला धरलंच. "गार्लंड, अर्धं घर मार्वाचं आहे!"

"म्हणून तर," तो म्हणाला. "मला 'नाही' म्हणता येत नाही, ओपल. कॉलेजवाले आले, पोरं आली, की मी हो म्हणतो. राहायला घरच नसलं तर राहता येणार नाही ना."

गावाला अजून पत्ता नाही. मी कुणाला बोलले नाही. पण तुझ्यापासून लपवणं जमेना. आणि हो, सगळंच सांगायचं तर, स्वयंपाकघराच्या वॉलपेपरला ती मुलगी जरा नाक मुरडून गेली.

आता माझं. तू तीनदा विचारलंस, कार्डावरच्या त्या इवल्याशा जागेत, की "तुझं मत काय?" मी कसं सांगू? तो राहिला तर तू यायची नाहीस. तो गेला तर तुम्ही दोघं तळ्याकाठी. दोन्ही बाजूंनी कुंपणापलीकडे तू नाहीसच. लोकांना टेबल तरी आहे बसायला. मी रोज करकोच्यांसाठी प्रार्थना करते, पण जिंकावेत की हरावेत ते देवाला सांगत नाही. तो मोठा आहे, बघून घेईल.

ओपल


रविवार, १७ नोव्हेंबर

मार्वा बाई,

काल हार्मन कॉलेजशी शेवटचा सामना. तू असतीस तर डोळे मिटून बसली असतीस, म्हणून सांगते.

बर्फ भुरभुरत होता. एका गुणानं आपण मागे. शेवटची मिनिटं. चौथी खेप, दोन पावलं. अगदी तेच! अख्खं गाव उभं. ऑर्व्हिल डॉक्टरसुद्धा, ज्यांनी जन्मभर गार्लंडची बाजू घेतली, ओरडले, "अरे मर्दा, आज तरी पळव!" गार्लंडनं कानावरचं यंत्र नीट केलं आणि बॉल लाथाडायला पोरगा पाठवला.

स्टेडियममधून जो आवाज निघाला तो मी यापूर्वी फक्त वादळात पत्रे उडाले तेव्हा ऐकला होता. डेलबर्टला टोपी काढायचंही सुचलं नाही. बॉल वर गेला, बर्फात दिसेनासा झाला, आणि खाली आला तो हार्मनच्या पोराच्या हातात; त्यानं दोन पावलं टाकली न टाकली तोच सटकून त्याच्या छातीवर, तिथून गुडघ्यावर, तिथून आपल्या पोराच्या पोटाशी. आपला पोरगा तो घेऊन असा सुटला की रेषा ओलांडून, पुढचं कुंपण ओलांडून बँडवाल्यांच्या ढोलात जाऊन पडला.

जिंकलो.

मग काय विचारतेस! डेलबर्टनं ऑर्व्हिल डॉक्टरांना उचललं. "म्हातारा वेडा आहे हो! पण आपला वेडा आहे!" माझा भाऊ लहान मुलासारखा रडत होता. आज सकाळी कॅफेत जाऊन बघते तर काय, डेलबर्टची मंडळी 'राहू दे' म्हणून पाईच्या कपाटापाशी आणि डॉक्टर उठून खिडकीपाशी.

"आता जावं त्यानं," डॉक्टर म्हणतात. "मान ताठ असताना जावं. पुढच्या वर्षी हे डेलबर्टच त्याला शिव्या देणार."

"मी? मी कधी दिल्या शिव्या? कोचसाठी जीव देईन मी!"

"आधी ती बोटांवरची माती धू."

ग्लेनिस म्हणाली, "माणसं काय बदलायची ती बदला, खुर्च्या मात्र जिथल्या तिथे ठेवा."

कॉलेजचे अध्यक्ष काल मैदानातच गार्लंडच्या गळ्यात पडले. आणखी पाच वर्षं राहा म्हणताहेत. त्यानं सांगितलं, उत्तर गुरुवारी, रेडिओवर. आज तो अंगणात पाट्या पुसत होता. मी विचारलं, "काय ठरलं?" तो म्हणाला, "सॅटर्लींना शब्द दिलाय." मी म्हटलं, "ते माहीत आहे." तर म्हणाला, "पण पोरं कालपासून दाराशी येताहेत, ओपल." त्याचा तो चेहरा तुला माहीत आहे. 'नाही' घशात अडकल्याचा.

मी त्याला काही शिकवलं नाही. तुलाही शिकवत नाही. लायल सांगत होता की कार्यक्रम हल्ली इंटरनेटवरून मिनेसोटातही ऐकू येतो आणि फोनही कुठूनही लागतो. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

ओपल


शुक्रवार, २२ नोव्हेंबर

मार्वा, मार्वा,

तू म्हणशील, मीच फोन केला आणि ही मलाच काय सांगते. पण तुला फक्त आवाज गेले. इकडचं चित्र तुझ्यापर्यंत पोचलेलं नाही, म्हणून लिहिते.

कॅफेत मुंगीला जागा नव्हती. तुझ्या टेबलावर मात्र कुणी बसलं नव्हतं. गार्लंड इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. इस्त्री एकाच बाजूला केलेली. अध्यक्ष पहिल्या रांगेत, हसण्याची तयारी करून. लायल म्हणाला, "पहिला फोन मिनेसोटाहून. नाव सांगाल?"

"मार्वा प्रुइट. अल्मिराची."

ग्लेनिसच्या किटलीतली धार कपात नव्हती, डेलबर्टच्या मांडीवर होती. तो ओरडलासुद्धा नाही.

"बोला, मॅडम," लायल म्हणाला. तुझ्याकडे पोरवयापासून जेवलेला माणूस, आणि मॅडम!

"कोचना एक प्रश्न आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या वॉलपेपरला कुणी नावं ठेवली?"

गार्लंड माइकपासून जरा मागे सरकला, जसा तू समोर असलीस की सरकतो. "नावं नाही गं. नुसतं बघितलं."

"कसं बघितलं?"

"जरा लांबून."

"आणि तू काय म्हणालास?"

"म्हटलं, तो बदलायचा असेल तर आम्ही गेल्यावर बदला."

"गेल्यावर? कुठे गेल्यावर?" हा डेलबर्ट, खुर्चीवर उभा.

"डेलबर्ट, खाली बस," तू म्हणालीस, आणि तो बसला! सगळ्या कॅफेनं बघितलं, मिनेसोटातून तू म्हटलंस आणि तो बसला. वर विचारतो, "वहिनी, आर्डिसचा खुबा कसा आहे?"

"आर्डिस नाचाच्या वर्गाला गेली आहे."

तुझं चुकलं नाही, तुझ्या डोक्यात दुसरंच होतं. पण त्यानंतर चर्चच्या सगळ्या बायका एकदम माझ्याकडे वळल्या. पायमोजा विणणारी तर अजून बोलत नाही माझ्याशी.

मग तू विचारलंस, "गार्लंड, कॉलेजला काय उत्तर देणार?" तुला वाटलं असेल फोन तुटला. तुटला नव्हता. त्यानं अध्यक्षांकडे बघितलं, मग मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पोरांकडे, मग टेबलावरच्या मिठाच्या डबीकडे. "अजून ठरवलं नाही."

"घर विकलंस आणि ठरवलं नाहीस?"

आणि पुढे तू जे केलंस त्याबद्दल मी तुझ्यावर रागावले आहे, आधीच सांगते. तू म्हणालीस, "ओपल आहे का तिथे? तिला बोलू दे. ओपल, राहू दे की जाऊ दे? सगळ्या गावानं सांगितलं, तू नाही सांगितलंस."

लायलनं माइक लांब वायरीसकट काउंटरवर आणून माझ्या पुढ्यात ठेवला. तुला माझा आवाज ऐकू आला. मी पुढ्यातला रुमाल तीनदा घडी करून उलगडला, ते तुला दिसलं नाही. डावीकडे डेलबर्ट मान हलवून 'राहू दे, राहू दे' करतोय, उजवीकडे डॉक्टर डोळे मिटून बसलेले. मी गार्लंडकडे बघितलं. तो वाट बघत होता गं, माझ्या तोंडाकडे. आणि एक शब्द बोलले असते तर निदान तो तरी कुंपणापलीकडे राहिला असता, झाकण नीट बसवून डबे परत करत. ते माझ्या मनात आलं. आलं ते आलं, नाकारत नाही.

पण सामन्यानंतरचं मला आठवलं. दर शनिवारी मी गाडीची काच खाली करून बघत आले आहे. शेवटच्या पोराला न्यायला कुणी येईपर्यंत हा पार्किंगमध्ये उभा. पावसात, बर्फात. आणि तिकडे घरात तू दिवा लावून.

म्हणून म्हटलं, "जाऊ दे त्याला, मार्वा. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची पोरं घरी पोचवून मग हा घरी जातोय. आता त्याला आधी जाऊ दे."

गार्लंड उठून आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकमध्ये वाकून म्हणाला, "मार्वा, मी ओपलचं ऐकतो. येऊ का?"

तू काय म्हणालीस ते सगळ्यांनी ऐकलं. "जेवायच्या वेळेला ये." त्यानंतर तू फोन ठेवलास, त्यामुळे टाळ्या तुला कळल्या नाहीत. अध्यक्षांनीसुद्धा वाजवल्या, जरा उशिरा.

बाहेर डेलबर्टनं मला गाठलं, डोळे लाल. "ताई, तू घालवलंस कोचना!"

"अरे, वर्षभर तूच ना ओरडत होतास, घालवा म्हणून?"

"मी नुसतं ओरडत होतो! खरंच घालवायचं असं कोण म्हणालं होतं?"

त्याला गाडीत बसवून घरी सोडलं. घरी येऊन भांडी घासली. मान वर केली नाही.

ओपल


रविवार, ८ डिसेंबर

मार्वा,

ट्रक पोचला असेल. खोक्यांवर गार्लंडनं लिहिलेलं काही खरं धरू नकोस. 'स्वयंपाकघर' लिहिलेल्या खोक्यात मी स्वतः त्याचे बूट बघितले.

सॅटर्ली मंडळी आली राहायला. क्लोई गोड आहे. काल कुंपणापाशी येऊन विचारत होती की गावातले लोक घरासमोरून जाताना टोप्या का काढतात. वॉलपेपर अजून तसाच आहे. ती म्हणते, सवय होतेय. तिसरी पायरी वेंडेलला दुरुस्त करायची होती, तिनं करू दिली नाही. शहाणी आहे.

नवा कोच अजून नेमलेला नाही. कॅफेत मात्र तो राहावा की जावा यावर वाद सुरू झाला आहे. डेलबर्ट म्हणतो, जो कोणी येईल त्याला पहिल्याच वर्षी घालवावा, म्हणजे पुढे त्रास नाही. डॉक्टर म्हणतात, येऊ तरी दे.

तुला एक सांगायचं आहे, आणि हे मी मोठी म्हणून सांगते. तुझ्या लग्नाला जितकी वर्षं झाली तितक्या वर्षांत तुला रविवारचा गार्लंड मिळाला, दमलेला, गप्प, चित्रफीत बघणारा. शरदातला शनिवारचा गार्लंड तुझ्या वाट्याला कधी आलाच नाही. तो तू अजून बघितलेला नाहीस. सप्टेंबर उजाडला की तुला कळेल. पहाटे उठून तो तुझ्या मसाल्याच्या बरण्या उंचीप्रमाणे लावील. तू भाजी चिरत असशील तर मागे उभा राहून सांगेल, घाई करू नकोस, अजून वेळ आहे. आर्डिसला नाचातले पाय कसे टाकायचे ते शिकवील. दुपारपर्यंत तळ्यातली बदकं रांगेत असतील.

मी तुला ऑक्टोबरपर्यंतची मुदत देते. ऑक्टोबरात तू म्हणशील, ओपल, याचं काय करू? तेव्हा त्याला सरळ इकडे पाठवून दे. वरची खोली रिकामी आहे आणि माझी पन्हळं पानांनी तुंबलेली असतील. मी त्याला आठवडाभर ठेवून घेईन, जेवू घालीन, सामन्याला नेऊन डेलबर्टच्या शेजारी बसवीन आणि दोघांनाही ओरडू देईन.

पण परत न्यायला तूच यायचं. ट्रक नाही, बस नाही, तूच. आणि सामना संपल्यावर पार्किंग रिकामं होईपर्यंत माझ्याबरोबर गाडीत बसायचं, काच खाली करून.

तुझी,
ओपल